अंतरानं लिहिलेली चिठ्ठी

अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा गावच्या दहा वर्षांच्या पोराला एडीएचडी असेल, तर त्याला कोणती गोळी मिळायची हे त्याच्या आजारावरून ठरत नाही. अकोला किती लांब आहे, यावरून ठरतं. हे चूक आहे. आणि यातली मोठी चूक दुरुस्त करायला नवा कायदा लागत नाही की नवी इमारत लागत नाही. आहेत त्या चार-पाच माणसांनी एकमेकांना फोन करायचा आहे.

आधी त्या पोराविषयी बोलू. धडा सुरू झाला की तिसऱ्या ओळीला त्याचं चित्त बाहेर. वही घरी, डबा शाळेत, चप्पल कुठं ते त्यालाच ठाऊक नाही. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो, तेही अर्ध्या प्रश्नाचं. रांगेत उभं राहवत नाही, रस्त्यावर न बघता धावतो. बाप म्हणतो, "दोन लावा याले, मंग पाहा कसा ठिकाणावर येते." आजी म्हणते, लेकराले नजर लागली. शाळेतल्या मॅडम दर वर्षी प्रगतिपत्रकावर लिहितात, हुशार आहे पण लक्ष देत नाही. तिघंही त्याच्या भल्याचंच बघतात आणि तिघांच्याही हाती काही लागत नाही. कारण हा खोडीचा किंवा संस्काराचा प्रश्नच नाही. लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं, कामाचा क्रम लावणं या गोष्टी सांभाळणाऱ्या मेंदूतल्या भागांची वाढ या मुलांत वेगळी होते. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर शंभरातल्या साधारण पाच मुलांत हे आढळतं. चाळीस पोरांच्या वर्गात दोघं.

मुलगी असेल तर आणखी अवघड. ती धावत नाही, खिडकीबाहेर बघत बसते. ती कोणाला त्रास देत नाही म्हणून तिची कोणी तक्रार करत नाही, आणि तक्रार नाही म्हणून तिला कोणी दवाखान्यात नेत नाही. तिच्यावर 'मठ्ठ' असा शिक्का बसतो.

आता गोळ्यांविषयी. एडीएचडीची औषधं दोन घराण्यांतली. एक उत्तेजक, दुसरं बिगर-उत्तेजक. उत्तेजकांतलं आपल्याकडं वापरलं जाणारं औषध म्हणजे मेथिलफेनिडेट. पाच वर्षांवरच्या मुलांना औषध द्यायचंच ठरलं तर पहिलं हेच द्या, असं ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०१८ च्या मार्गदर्शनात सांगितलं. त्याच वर्षी 'लॅन्सेट सायकिॲट्री'त औषधांची एकमेकांशी तुलना करणारा मोठा अभ्यास आला, त्यानंही मुलांसाठी याच औषधाला वरचं स्थान दिलं.

हेच औषध आपल्या कायद्यानं कुलपात ठेवलं आहे. ते औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्ये येतं आणि १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखालीही येतं. दुकानदाराला वेगळा परवाना हवा, माल कडीकुलपात हवा, डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत हवी, त्यातली एक दुकानदारानं दोन वर्षं जपून ठेवायची. एवढा खटाटोप मोजकेच दुकानदार करतात. आणि २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, सरकारनं दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत शेड्यूल एक्समधली आणि एनडीपीएसखालची औषधं फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहून देण्याला साफ मनाई केली. पडद्यावरचा डॉक्टर कितीही जाणता असो, पहिल्या पसंतीची गोळी त्याला लिहिताच येत नाही.

उरतं ॲटोमॉक्सेटिन. बिगर-उत्तेजक. अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळालेलं, एडीएचडीसाठीचं या घराण्यातलं पहिलं औषध. आपल्याकडं ते शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठी हवी पण कुलूप नको. मनाईच्या यादीत ते नाही. अकोल्यातल्या, नागपुरातल्या किंवा पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञानं पोराला आईबापासह व्हिडिओवर नीट तपासलं, स्वतःचा नोंदणी क्रमांक आणि सही घालून चिठ्ठी पाठवली, तर ती तेल्हाऱ्याच्या दुकानात चालायला हवी. कायद्याची काही हरकत नाही.

म्हणून तेल्हाऱ्याच्या पोराच्या वाट्याला दुसरी गोळी येते, आणि तीही नशीब असेल तर.

या दुसऱ्या गोळीला मी नावं ठेवत नाही. ती नशा आणत नाही, तिची चटक लागत नाही. ज्या पोराला मान-डोळ्यांचे झटके आहेत, ज्याच्या मनात सतत भीती असते, किंवा ज्या घरात व्यसनाचा वावर आहे, तिथं डॉक्टर मुद्दाम हीच निवडतात. तिचा असर दिवसभर राहतो, संध्याकाळी अभ्यासाला बसायच्या वेळी उतरत नाही. पण सरासरीनं ती पहिलीपेक्षा कमी पडते, आणि हळू चालते. मेथिलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशी दिसू शकतो. ॲटोमॉक्सेटिनचा पुरता परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. हे आईबापाला आधी सांगितलं नाही तर काय होतं, ते खेड्यात औषध देणाऱ्या कोणालाही विचारा. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी बंद होते. तेवढ्या दिवसांत पोराची भूक कमी झालेली असते, मळमळ होऊन गेलेली असते, कधी दिवसा झोप आलेली असते. म्हणजे त्रास सगळा पदरी पडला आणि गुण यायच्या आत औषध गेलं.

मग पोराला अकोल्याला का नेत नाहीत? हा प्रश्न शहरात बसून विचारला जातो. तेल्हाऱ्याला रेल्वे नाही. एसटीनं अकोट, तिथून अकोला, किंवा दुसऱ्या बाजूनं शेगाववरून. सर्वोपचार रुग्णालयात केसपेपर, रांग, तपासणी, परत येईतो रात्र. सोबत आई हवी, म्हणजे तिची मजुरी गेली. वेचणीच्या दिवसांत ती मजुरीच घराचा आधार असते. आणि हे एकदा करून भागत नाही. शेड्यूल एक्सच्या औषधाला पुन्हा पुन्हा समोर जाऊनच चिठ्ठी घ्यावी लागते. २०२२ च्या ऑक्टोबरात याच वाटेवरचा, गांधीग्रामजवळचा पूर्णेवरचा जुना पूल वाहतुकीला बंद झाला, तेव्हा अकोट-तेल्हाऱ्याचं अकोला एका दिवसात लांब गेलं. ज्या पोराच्या औषधाचा महिना त्या आठवड्यात संपला असेल, त्याच्या औषधाचा विचार त्या वेळी कोणत्या कार्यालयात झाला?

कुलूप काढून टाका, असं मी म्हणत नाही. कुलपाशिवाय काय होतं ते अमेरिकेनं बघितलं आहे. तिथं कोरोनाच्या काळात समोरासमोरच्या तपासणीची अट सैल झाली, आणि ॲपवरून एडीएचडीच्या उत्तेजक गोळ्या वाटणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. जून २०२४ मध्ये 'डन' या कंपनीच्या प्रमुखांना अटक झाली. चार कोटींहून जास्त गोळ्या वैद्यकीय गरज नसताना वाटल्याचा, त्यातून दहा कोटी डॉलरच्या वर कमावल्याचा आरोप सरकारनं ठेवला. त्या धक्क्यात खऱ्या रुग्णांचीही औषधं तुटली. म्हणून उत्तेजक औषधांवर पहारा हवा. पण पहारा ठेवणाऱ्या सरकारवर एक कर्ज चढतं. तू दार लावलंस तर त्या दाराशी माणूस उभा कर. तेल्हाऱ्यात तो उभा नाही, याचा मला राग आहे.

आता बघा, माणसं कुठं कुठं आहेत.

६ फेब्रुवारी २०१३ ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आपल्याच राज्यात, पालघरला. या कार्यक्रमात मुलांच्या ज्या तीस तक्रारी हुडकायच्या आहेत त्यांच्या यादीत एडीएचडीचं नाव छापलेलं आहे. पथकानं दर वर्षी सरकारी शाळेत यायचं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा. दात बघतात, डोळे बघतात, वजन-उंची घेतात, हृदयाचा आवाज ऐकतात. त्यानं किती लेकरांची ऑपरेशनं वेळेत झाली, ते वऱ्हाडातल्या घराघरांत माहीत आहे. मग यादीतली ही एक ओळ का वाचली जात नाही? एका वर्गामागं दहा मिनिटं मॅडमशी बोललं तरी दोन नावं पुढं येतील. भारतातल्या मुलांसाठी आपल्याच तज्ज्ञांनी बनवलेली तपासणीची प्रश्नावली आहे, ती २०१४ मध्ये 'इंडियन पीडिॲट्रिक्स'मध्ये छापून आली. साधन नाही, ही सबब राहिलेली नाही.

२०१९ पासून ई-संजीवनी आहे: इकडच्या आरोग्य केंद्रातला डॉक्टर तिकडच्या तज्ज्ञाशी व्हिडिओवर बोलतो, रुग्ण शेजारी बसलेला असतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस आहे, १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेल्हाऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. यांतलं प्रत्येक आपापल्या जागी आहे. तेल्हाऱ्यातल्या एका आईला विचारा, यांतल्या एकानं तिला दुसऱ्याकडं पाठवलं का.

आपल्याकडची मानसोपचारतज्ज्ञांची संख्या सगळ्यांना ठाऊक आहे, लाख माणसांमागं एकसुद्धा नाही. २०१९ मध्ये छापलेल्या मोजणीत पाऊण निघाला होता, तोही मुख्यतः शहरात. मुलांचा तज्ज्ञ तर त्याहून विरळा. या आकड्याकडं बोट दाखवून हात झटकणाऱ्यांना मला शेजारच्या अमरावती जिल्ह्याचं एक उदाहरण दाखवायचं आहे. तिथल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेली गावं. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्यामार्फत नैराश्यातल्या लोकांपर्यंत पोचायचं, अवघड असेल तो तज्ज्ञाकडं न्यायचा, अशी बांधणी. आधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी चारेक जण कुठं तरी मदत घेत होते. नंतर सत्तावीस जण घेऊ लागले. हे २०१७ च्या 'लॅन्सेट सायकिॲट्री'त छापलेलं आहे. तज्ज्ञ एकदम वाढले नव्हते. त्यांच्यापर्यंत नेणारी माणसं वाढली होती. वऱ्हाडात हे होऊन गेलं आहे, म्हणून वऱ्हाडात हे होणार नाही असं कोणी सांगू नये.

वान धरणाचं पाणी नळातून चौऱ्याऐंशी खेड्यांच्या योजनेला नेताना कोणी असं म्हणालं नाही, की खारपाणपट्ट्यातल्या बायांनी रोज धरणावर, वारी भैरवगडला, येऊन हंडा भरून न्यावा. औषधाच्या बाबतीत मात्र अजून तेच म्हणतो आहोत.

मला हवं ते एवढंच. आठवड्यातली एक सकाळ. तेल्हाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक खोली, त्यात कॅमेरा, आणि नर्सताईंच्या हाताशी वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, लहान मुलाच्या दंडाला बसेल असा बीपीचा पट्टा. पोरगं आईसोबत येतं. नर्सताई वजन, नाडी, बीपी घेतात, घरात कोणी तरुणपणी अचानक हृदयानं गेलं का ते विचारतात. अकोल्यातले डॉक्टर व्हिडिओवर येतात. त्यांच्यासमोर मॅडमचं पत्र आधीच पोचलेलं असतं, कारण एका जागेवरच्या तक्रारीवरून एडीएचडी ठरवता येत नाही. घर आणि शाळा दोन्हीकडं दिसलं पाहिजे, सहा महिने टिकलेलं असलं पाहिजे, बारा वर्षांच्या आत सुरू झालेलं असलं पाहिजे. डॉक्टर पोराशी बोलतात, आईशी एकटीशी बोलतात. ऐकू येतं का, दिसतं का, झोप किती, घरात मारहाण आहे का, हे सगळं विचारून मगच निदान. गोळी वजनावरून ठरते, थोड्यापासून सुरू होते. आणि गोळी रुग्णालयाच्या खिडकीतच मिळते. दूरवैद्यकाच्या तत्त्वांत आरोग्यसेविकेच्या मदतीनं होणारी अशी तपासणी स्पष्ट लिहिलेली आहे, अल्पवयीन मुलासोबत ओळख पटलेला मोठा माणूस हवा हेही लिहिलेलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारच्या पैशावर चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केला. यातलं काहीही मी माझ्या मनानं मागत नाही.

आणि तीन महिन्यांतून एकदा तज्ज्ञानं स्वतः तेल्हाऱ्यात यावं. ज्या पोरांना दुसरी गोळी पुरत नाही त्यांना पहिली गोळी समोर बसून लिहून द्यावी. अन्न व औषध प्रशासनानं अकोट-तेल्हाऱ्यातल्या एका तरी दुकानदाराला शेड्यूल एक्सचा परवाना घ्यायला तयार करावं. तोवर ॲटोमॉक्सेटिनच देता येत असेल तर ते द्यावं, पण "हे औषध तुमच्या पोराला योग्य म्हणून देतोय" आणि "जवळ मिळतं म्हणून देतोय" यांतलं खरं काय, ते त्या आईला सांगावं. तिला कळतं.

दुकानाची गोष्ट मोठी आहे, आणि ती कागदावर येत नाही. चिठ्ठी मोबाइलवर येते, आई दुकानात जाते, दुकानदार म्हणतो, "हे आपल्याकडं चालत नाही ताई, मागवावं लागते." एका गिऱ्हाइकासाठी तो डबा ठेवणार नाही, त्याचंही बरोबर आहे. पण दर महिन्याला हीच गोळी लागणार, एवढं त्याला आगाऊ सांगितलं तर होलसेलकडून येते. संपायच्या आठ दिवस आधी सांगायचं. मात्र बिगर-उत्तेजक म्हणून बीपीचं औषध क्लोनिडिन कोणी लिहून दिलं असेल, तर दुकानात नाही म्हणूनसुद्धा ते एक दिवसही मनानं बंद करायचं नाही. अचानक थांबवलं तर बीपी उसळतं.

पुण्याला स्पर्धा परीक्षेसाठी गेलेली आपली पोरं मोबाइलवर चाचणी देतात, 'मला एडीएचडी आहे' म्हणतात आणि ॲपवर डॉक्टर गाठतात. त्यांतल्या काहींना तो खरोखर असतो, लहानपणी कोणी बघितलं नव्हतं म्हणून आज कळतो. त्यांची हेटाळणी नको. पण दहा मिनिटांत चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरला शाळेविषयी एकही प्रश्न सुचत नसेल, नाडी-बीपी विचारायचं सुचत नसेल, तर तिथून उठा. उदासीवरची फ्लुओक्सेटिनसारखी गोळी आधीच चालू असेल तर ती सांगा, कारण तिच्यासोबत ॲटोमॉक्सेटिन शरीरात साठून राहतं.

गोळी हाच सगळा उपचार आहे असं कोणी समजू नये. सहा वर्षांच्या आतल्या लेकराला तर आधी आईबापाचं प्रशिक्षण, औषध नंतर. शाळेत पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, अर्ध्या तासानं फळा पुसायला उठवणं, चुकीवर मार नाही आणि जमलं की लगेच शाबासकी. याला पैसा लागत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांनी केंद्राच्या बैठकीत तासभर यासाठी द्यावा.

शेवटची गोष्ट वऱ्हाडात सांगताना जड जाते. ॲटोमॉक्सेटिनवर अमेरिकेनं २००५ मध्ये ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. मुलांवरच्या चाचण्यांत हे औषध घेणाऱ्या हजारांपैकी चार जणांच्या मनात जीव देण्याचे विचार आले. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत एकाच्याही नाही. त्या चाचण्यांत कोणी जीव दिला नाही. धोका लहान आहे, पण तो पहिल्या काही आठवड्यांत आणि गोळी वाढवताना जास्त असतो, म्हणजे ज्या दिवसांत गुण अजून आलेला नसतो नेमक्या त्याच दिवसांत. म्हणून चिठ्ठी पाठवून मोकळं झालेला डॉक्टर चालणार नाही. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आशाताईंनी किंवा नर्सताईंनी घरी फोन करावा, दर तीन महिन्यांनी वजन, गोळी बदलली की आणि पुढं दर सहा महिन्यांनी नाडी-बीपी बघावी. आईनं एवढं ध्यानात ठेवावं: पोरगं एकदम गप्प झालं, चिडून अंगावर येऊ लागलं, मरणाचं बोलू लागलं, तर त्याच दिवशी लिहून देणाऱ्या डॉक्टरला फोन करायचा, आणि तो लागला नाही तर १४४१६. डोळे किंवा कातडी पिवळी दिसली, लघवी गडद झाली, तर गोळी थांबवून लगेच ग्रामीण रुग्णालय. कॅप्सूल उघडून भुकटी दुधात कालवायची नाही, आतली भुकटी डोळ्याला लागते. गिळता येत नसेल तर डॉक्टरला तसं सांगायचं.